एक जूनचे सुरवसे साहेब

सुरवसे साहेब नावं मोठ्याने वाचायचे. बँकेच्या आमच्या तपासणी कक्षात सगळेच दिवसभर संगणकावर नावंच वाचत बसलेले असायचे, पण आम्ही बाकीचे ती डोळ्यांनी वाचून पुढे सरकायचो. साहेब प्रत्येक नाव ओठ हलवून, हलक्या आवाजात, पण नीट उच्चारून वाचायचे. इंग्रजीत लिहिलेलं नाव मुळात कसं असेल, ते आधी जिभेवर लावून बघायचे. मग मान हलवून म्हणायचे, "हे रशीद न्हवं, रशाद हाय. दोघं वेगळी." शेजारच्या टेबलावर बसून हे ऐकणं सुरुवातीला मला फार त्रासाचं वाटे. पुढे सवय झाली, आणि ते गेल्यावर तो कक्ष मला बरेच दिवस मुका वाटत राहिला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. परदेशातून पैसा आला किंवा परदेशात निघाला, की पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एका यादीशी ताडून बघायचं. यादी जगभरची. दहशतवाद्यांना पैसा पुरवणारे, काळा पैसा चार देश फिरवून पांढरा करून आणणारे, अशांना कुठल्याच देशात बँकेचं दार उघडं मिळू नये म्हणून देशोदेशींनी एकमेकांच्या याद्या मानायचं ठरवलं. कुठल्या तरी थंड गावात, मोठ्या टेबलाभोवती ते ठरलं असणार. त्या ठरवण्याचं शेवटचं टोक म्हणजे चिंचवडला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर बसलेले आम्ही. नाव जुळल्यासारखं वाटलं की संगणक तो व्यवहार थांबवतो. याला आम्ही अलर्ट म्हणतो. मग माणूस तोच की दुसरा, हे आम्ही ठरवायचं आणि व्यवहार सोडायचा किंवा वर कळवायचा.

मी शाखेतून बदलून या कक्षात आले तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत ढीगभर अलर्ट बंद करून टाकले. हुशारी दाखवायची होती. साहेबांनी आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आणली. ठेंगणे, काळेसावळे, बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर, कारण एसीचा झोत नेमका त्यांच्या मानेवर यायचा आणि ती तक्रार करायची त्यांना लाज वाटायची.

"मनीषाताई," ते म्हणाले, "ह्यातल्या एकाच्या तरी बापाचं नाव सांगता का?"

मला सांगता येईना.

"मग तुम्ही माणूस बघितला न्हाई. निस्ती अक्षरं बघितली."

मला राग आला. तळेगावहून स्कूटरवर कंटेनरांच्या रांगांतून वाट काढत यायचं, आणि आल्या आल्या असले धडे. पण त्यांनी माझे बंद केलेले सगळे अलर्ट पुन्हा उघडायला लावले आणि माझ्या शेजारी बसून एकेकाच्या बापाचं नाव शोधलं. आपल्याकडे नाव, बापाचं नाव, आडनाव अशी तिन्ही असतात, हे त्यांना आपल्या लोकांवरचे मोठे उपकार वाटत. एका नावाचे हजार सापडतील, पण बापासकट फार तर दोन सापडतील, असं त्यांचं गणित होतं. 'केस' हा शब्द त्यांना चालत नसे. किती केस राहिल्या असं कुणी विचारलं, की ते न चुकता म्हणत, "किती माणसं राहिली, असं म्हणा." आणि एखादा व्यवहार सोडताना बटण दाबून पुटपुटत, "सुटला बिचारा."

साहेब मूळचे लातूरकडचे. मामा पिंपरीत कंपनीत होता, म्हणून शिकायला आले आणि इथलेच झाले. कासारवाडीला घर. इतकी वर्षं इथे काढून बोली मात्र तिकडचीच ठेवली होती. डब्यात थंडीत करडईची भाजी असायची आणि ती सगळ्यांना खावी लागायची. फोनवर ग्राहकाशी बोलायचं असलं की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चष्मा असला की ध्यान कागदाकडं जातंय. माणूस बोलायलाय तर त्याचं ऐकावं."

त्यांचा सगळ्यात आवडता माणूस इराण्णा. सोलापूरकडचे एक सद्गृहस्थ, भोसरीला त्यांचा छोटा कारखाना. मुलीच्या शिक्षणाची फी परदेशातल्या कॉलेजला पाठवत होते आणि दर वेळी पैसे अडकत. कारण काय, तर इंग्रजीत इराण्णा लिहिलं की त्यात 'इराण' दिसतं. संगणकाला वाटायचं, बंदी घातलेल्या देशाशी व्यवहार चाललाय. आमचे पैसे ज्या परदेशी बँकेमार्फत पुढे जात, ती मधली बँक दर सहा महिन्यांनी विचारायची, या ग्राहकाचा इराणशी संबंध काय? साहेब दर सहा महिन्यांनी उत्तर लिहायचे, की हे नाव वीरभद्र या देवाचं आहे, आमच्या भागात घरोघर आहे, आणि या गृहस्थांनी इराण नकाशातसुद्धा नीट बघितलेला नसावा. शेवटचं वाक्य मी दर वेळी खोडायची. माळी आडनावाचीही तीच तऱ्हा. माली नावाचा देश आहे हे आम्हाला माळ्यांमुळे कळलं. कुणीतरी साहेबांना म्हणालं, एकदा या संगणकाला समजावून सांगता येत नाही का? ते म्हणाले, "संगणक ऐकतोय हो. पलीकडचा माणूस ऐकंना."

यावरून कुणाला वाटेल की सुरवसे साहेब म्हणजे सगळ्यांना सोडून देणारा भला माणूस. तसं मुळीच नव्हतं. चाकणच्या शाखेत एका फर्मचं खातं होतं. परदेशातून यंत्रांचे सुटे भाग मागवायची आणि त्याचे भरपूर पैसे बाहेर पाठवायची. कागद चोख. नाव कुठल्याही यादीत नाही. पण साहेबांनी सवयीप्रमाणे मालकाला फोन लावला, चष्मा काढला, आणि मागून भांड्यांचा आवाज ऐकला. मालक घाईघाईने म्हणाला, साहेब नंतर बोलू, आता जेवणाची पाळी सुटलीये. दुसऱ्या दिवशी साहेब चाकणला गेले. मालक एका कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं घासत होता. कुणीतरी त्याच्याकडून आधार कार्ड आणि चार सह्या घेतल्या होत्या आणि त्याला बदल्यात मोबाईल दिला होता. त्याच्या नावावर केवढा पैसा देशाबाहेर जातोय, याचा त्याला पत्ताही नव्हता.

साहेब परत आले. दोन दिवस बसून त्यांनी अहवाल लिहिला आणि वर पाठवला. वर म्हणजे दिल्लीला. तिथून तो आणखी कुठल्या देशाला जातो की नाही, ते आम्हाला कळत नाही. काही आठवड्यांनी खातं गोठवायचा आदेश आला, बस. पैसा कुणाचा होता, कुठे चालला होता, त्यातून कुणाच्या घरात काय फुटणार होतं, यातलं अक्षर कधी कळलं नाही. मी म्हटलं, साहेब, निदान तुमचं बरोबर होतं एवढं तरी कुणी कळवायला हवं होतं. त्यावर ते म्हणाले, "कळवतील कसं? आपलं काम टाकीत पाणी सोडायचं. नळ कुणाच्या घरात हाय ते आपल्याला ठावं न्हाई." या कामावर त्यांचा खरोखर विश्वास होता. असली टोळी एका देशाला एकट्याने धरता येत नाही, सगळ्यांनी मिळूनच धरावी लागते, हे ते मला वारंवार सांगत. आम्ही थकून वैतागून बोलायला लागलो की म्हणत, यादी वाईट न्हाई, यादी वाचणारा आळशी असला की वाईट. मला ते पटायचं, आणि तरी संध्याकाळी घरी जाताना डोकं सुन्न असायचं. नावं, नावं आणि नावं.

मग इसाकभाई आले. म्हणजे आधी त्यांचं नाव आलं.

इसाक बाबालाल मुलाणी. चाकणच्या पलीकडच्या एका गावचे. गावातल्याच भगवान नावाच्या दोस्ताबरोबर भागीदारीत वर्कशॉप. दोघं एका वर्गात शिकलेले, दोघांनी आधी कंपनीत लेथवर नोकरी केलेली, मग स्वतःच्या दोन मशीन टाकलेल्या. पंपात बसणारे पितळेचे बारीक भाग करायचे. आयुष्यात पहिल्यांदा परदेशातल्या एका कंपनीची ऑर्डर मिळाली होती. माल गेला, पसंत पडला, पैसे निघाले, आणि मधल्या परदेशी बँकेत येऊन थांबले. आमच्याही संगणकावर अलर्ट आला. कुठल्याशा दूरच्या देशातल्या, यादीत असलेल्या एका माणसाचं नाव आणि जन्मवर्ष इसाकभाईंशी जुळत होतं. पुढच्या सहा महिन्यांच्या मालाची बोलणी या पहिल्या पैशावर अडली होती, हे त्यांच्या अर्जातच लिहिलं होतं.

साहेबांनी नेहमीप्रमाणे बापाचं नाव काढलं. बाबालाल. झालं, सुटला, असं मला वाटलं. पण यादीतल्या त्या माणसापुढे बापाच्या नावाचा रकाना मोकळा होता. आयुष्यभर ज्या किल्लीने साहेबांनी कुलपं उघडली, ती इथे लागेना.

त्यात मधल्या परदेशी बँकेतल्या एका बाईंची दुसरी शंका आली. त्या कोण, कशा दिसतात, काही माहीत नाही. पत्राखाली नाव असायचं. भाषा अतिशय सभ्य. त्यांनी लिहिलं होतं की, तुमच्या या ग्राहकाची जन्मतारीख एक जून आहे. त्याच्या भागीदाराचीही एक जून आहे. त्याच शाखेतल्या ज्या इतर ग्राहकांची कागदपत्रं पूर्वी आमच्याकडे आली, त्यांतल्या पुष्कळांची एक जून आहे. हे योगायोगाने घडणं शक्य दिसत नाही. ओळखपत्रं बनावट असावीत, असं मानायला जागा आहे.

पत्र वाचून साहेब आधी हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

हे त्या बाईंना कसं समजावणार? पूर्वी खेड्यात जन्माची नोंद कोण करत होतं? पोराला शाळेत घालायला आई-बाप घेऊन येत. गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला, की झाला सहा वर्षांचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून जन्म एक जून. साहेबांचा स्वतःचाही एक जूनच. त्यांची आई सांगायची, तू तुरी काढायच्या वेळी झालास. म्हणजे ऐन थंडीत. पण कागदावर भर उन्हाळा. "माझी आई खोटी की गुरुजी खोटं?" ते म्हणाले. "दोघंबी खरंच की."

शाळेच्या रजिस्टरचा उतारा पाठवला तर काम होईल, असं त्यांना वाटलं. एका सकाळी मला घेऊन ते त्या गावच्या शाळेत गेले. इसाकभाई फाटकापाशी उभे होते. उंच, वाकलेले, नखांत पितळेची चमक. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. जुन्या गुरुजींचं अक्षर सुरेख होतं. आणि त्या पानावर वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. भगवान, इसाक, आणखी वीस-पंचवीस पोरं.

"आमचं गुरुजी म्हणायचं," इसाकभाई म्हणाले, "एक जूनच्या पोराला शाळा कधी न्हाई म्हणत न्हाई."

मग त्यांनी हलकेच विचारलं, "पर साहेब, पैशाचा अन् शाळेचा काय संबंध हाय?"

व्यवहार कशासाठी थांबलाय, हे ग्राहकाला सांगायचं नाही, असा नियम आहे. खरा गुन्हेगार सावध होऊ नये म्हणून तो केलाय, आणि ते बरोबरच आहे. साहेबांनी नियम कधी मोडला नाही. ते एवढंच म्हणाले, "एक कागद लागायलाय, इसाकभाई. मिळालाय. बघू."

तो कागद पाठवायचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. त्यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून मजकूर ते मराठीत सांगायचे आणि मी लिहायची. गुरुजी, कान, जून, सगळं समजावून लिहिलं. इसाकभाईंचा पासपोर्ट कधी निघालेलाच नाही, ते लेथ सोडून कुठे गेलेले नाहीत, कंपनीत सतत कामावर होते, तेही लिहिलं. शेवटी साहेब म्हणाले, "लिहा, की हे पत्र धाडणारा अधिकारीबी एक जूनचाच हाय. त्याचीबी तारीख अशीच पडलेली हाय."

मी हात थांबवला. म्हटलं, "साहेब, हे नको. स्वतःला कशाला मध्ये घालताय?"

"का? खरं न्हाई का?"

"खरं आहे. पण त्या बाईंना ते वेगळं वाचता येईल."

"ताई, इतकी वर्षं आपण त्यांना कागदच धाडायलाव. एकदा माणूस धाडून बघू."

मी लिहिलं. माझं ऐकायला हवं होतं त्यांनी. अजून वाटतं.

उत्तराची वाट बघण्यात दिवस गेले. त्या दिवसांत इसाकभाई एकदा आमच्या कक्षात आले. वर यायला ग्राहकांना परवानगी नाही, पण खालच्या शिपायाला त्यांची दया आली असावी. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पितळी भाग काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. अंगठ्याएवढा, आरशासारखा घासलेला.

"साहेब, आमी हे करतो. ह्यात काय वाईट हाय ते तरी सांगा. मी दुरुस्त करतो."

साहेबांनी चष्मा काढला. तो भाग हातात घेऊन फिरवून बघितला. "ह्यात काय बी वाईट न्हाई," ते म्हणाले. "लई झ्याक केलंय."

"मग तिकडच्या कंपनीला काय सांगू? ते रोज मेल टाकत्यात. तुमची बँक पैसे का घेईना, म्हणत्यात."

"थांबा म्हणावं जरा."

"व्हय साहेब," इसाकभाई म्हणाले, आणि निघाले. तो भाग त्यांनी टेबलावरच ठेवला होता. साहेब जिना उतरून मागे गेले आणि त्यांना परत देऊन आले. ग्राहकाकडून काही घ्यायचं नाही, हाही नियम.

उत्तर आलं. बाईंनी शाळेच्या उताऱ्याबद्दल आभार मानले होते. एका संपूर्ण पानावर सर्व मुलांची एकच जन्मतारीख पाहून आमची शंका कमी न होता वाढली आहे, असं लिहिलं होतं. शिवाय, तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याची जन्मतारीखही तीच असल्याचं त्यांनी स्वतः नमूद केलं आहे, तरी या प्रकरणाचा निर्णय ज्याच्या बाबतीत अशी शंका उद्भवत नाही अशा स्वतंत्र अधिकाऱ्याने घ्यावा, अशी विनंती होती. रक्कम पाठवणाऱ्याकडे परत केलेली आहे. खातं चालू ठेवायचं की नाही, याबद्दल आपल्या बँकेचा निर्णय कळवावा.

साहेबांनी ते पत्र मोठ्याने वाचलं, नावं वाचत तसं. आमच्या मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावून झापलं. दार लावलं होतं, तरी आम्हाला ऐकू येत होतं. "सुरवसे, तुम्हाला कुणी सांगितलं होतं स्वतःची कुंडली मांडायला? त्या बँकेने आपला हात सोडला तर परदेशाचं सगळं काम बंद पडेल. एका लेथवाल्यासाठी?"

फाईल माझ्याकडे आली. माझी जन्मतारीख दवाखान्यात लिहिलेली आहे, चौदा ऑक्टोबर. स्वतंत्र अधिकारी.

साहेबांचे दिवस तसेही भरत आले होते. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे एकतीस मेला आपल्याकडे कचेऱ्याच्या कचेऱ्या रिकाम्या होतात. आमच्या बँकेनेही सगळ्यांचा मिळून एकच समारंभ ठेवला होता. मंचावर खुर्च्यांची रांग, सगळ्यांच्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मोठे साहेब माइकवर म्हणाले, "या सगळ्यांचा उद्या वाढदिवस आहे, बरं का." सगळं सभागृह खो खो हसलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कुणी कुणाकडे उतारा मागितला नाही. मंचावरचेही हसत होते. सुरवसे साहेबही थोडं हसले, आणि मग नारळाकडे बघत बसले.

त्या दुपारी ते टेबल आवरायला आले. लॉगिन आदल्या दिवशीच बंद झालं होतं. स्वेटर घडी करून पिशवीत घातला. इसाकभाईंची फाईल माझ्या टेबलावर उघडी होती. त्यांनी ती बघितली. फक्त म्हणाले, "ताई, सगळं हाय त्यात. वाचा निवांत."

मी वाचली. निवांत वाचली. त्यात खरोखर सगळं होतं. यादीतला माणूस ज्या वर्षांत ज्या देशात होता असं यादीच सांगत होती, त्या वर्षांत इसाकभाई चाकणच्या कंपनीत पाळीला हजर होते, याचे पगारपत्रकाचे पुरावे साहेबांनी एकेक करून लावले होते. दोन ओळी लिहून मी खातं चालू ठेवू शकत होते. तो अधिकार माझा होता. मोठे साहेब एकदा जाता जाता म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पुढे प्रमोशन घ्यायचंय. विचार करा." एवढंच. धमकी वगैरे काही नाही. मी विचार केला. घराचा हप्ता, मुलाची शाळा, आणि उद्या कधी काही निघालंच तर माझी एकटीची सही. मी लिहिलं, ग्राहकाची ओळख समाधानकारकरीत्या पटत नाही, संबंध संपवावेत. मला तेव्हाही माहीत होतं की ओळख पटलेली आहे.

पावसाळा सरत आला तेव्हा मी चाकणच्या शाखेत तपासणीला गेले होते. काउंटरपाशी इसाकभाई दिसले, आणि त्यांच्याबरोबर सुरवसे साहेब. खातं बंद करायचं म्हणून बँकेने मागितलेला अर्ज भरून द्यायला आले होते. इसाकभाईंच्या हातून इंग्रजी रकाने भरले जात नाहीत, आणि नोकरी सुटली तरी साहेबांना ते अर्धवट सोडवलं नव्हतं. ती ऑर्डर केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती, असं पुढे बोलण्यात कळलं. भगवानने एक मशीन विकून पुन्हा कंपनीत नोकरी धरली होती, रोजंदारीवर.

इसाकभाई पॅन कार्डाची झेरॉक्स काढायला बाहेर गेले. बाकावर आम्ही दोघंच. साहेब थोडे वाळले होते.

"साहेब, माझ्या हातात काही नव्हतं," मी म्हटलं.

"होतं की, ताई," ते म्हणाले. रागाने नाही. चुकलेलं नाव दुरुस्त करायचे, त्या आवाजात. मग जरा थांबून म्हणाले, "भीतीबी होती. ती मला ठावं हाय."

इसाकभाई परत आले. साहेबांनी अर्ज पुढे ओढला. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं सावकाश भरलं. एका ठिकाणी पेन थांबलं.

"ताई, खातं बंद करायचं कारण, असं विचारलंय. काय लिहू?"

खरं कारण लिहायचं नसतं. त्यासाठी आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे, आणि ते साहेबांना माझ्याहून आधीपासून माहीत होतं. तरी ते माझ्याकडे बघत राहिले. मलाच सांगावं लागलं.

"ग्राहकाच्या विनंतीवरून," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं.

"काय लिवलं, साहेब?" इसाकभाईंनी विचारलं.

साहेबांनी वाचून दाखवलं.

इसाकभाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. "मी कवा इनंती केली?"

साहेबांनी सही करायच्या जागेवर बोट ठेवलं आणि तिथेच धरून ठेवलं. इसाकभाईंनी सही केली. मग दोघं उठले. काचेच्या दारातून मला दिसलं, साहेब इसाकभाईंच्या स्कूटरवर मागे बसत होते, आणि बसता बसता त्यांना आधार म्हणून एक हात इसाकभाईंच्या खांद्यावर ठेवावा लागला. समोरून एक ट्रेलर जाईपर्यंत ते तसेच थांबले, मग रस्त्याला लागले.

अर्ज दोन दिवसांनी चिंचवडला माझ्याच टेबलावर आला. कारणाच्या रकान्यात अक्षर सुरवसे साहेबांचं होतं. खाली मंजुरीची सही मी केली.